वाईत एक रात्र, दोन दिवस: कृष्णाकाठ पायी पाहण्याचा बेत

महाबळेश्वरला जाणारी गाडी वाईत वीस मिनिटं थांबते. ढोल्या गणपतीला हात जोडायचे, घाटाच्या पायऱ्यांवर दोन फोटो काढायचे, चहा घ्यायचा आणि पसरणीचा घाट चढायला लागायचं. मीही वर्षानुवर्षं हेच केलं आणि ‘वाई बघितली’ असं सांगत फिरलो. वाई अशी दिसत नाही. नदीकाठचं गाव सकाळी एक असतं, दुपारी दुसरंच, आणि दिवेलागणीला तिसरं. त्यातलं दुपारचं रूप सगळ्यांत कंटाळवाणं, आणि नेमकं तेच वाटेवरच्या पर्यटकांच्या वाट्याला येतं. म्हणून पहिली सूचना हीच, की वाईला मुक्कामाला जा. एक रात्र पुरते. पुढचा सगळा बेत त्या हिशोबानं लिहिला आहे.

कधी जायचं हे नदीला विचारा

वाईचं कॅलेंडर पाण्याचं आहे. कृष्णा महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते, जोरच्या खोऱ्यातून खाली येते, बलकवडी आणि धोम या दोन धरणांत अडते आणि मग वाईत पोचते. म्हणजे वाईच्या घाटावर पाणी किती आहे हे पावसाइतकंच वर धरणातून किती सोडलं यावर ठरतं.

पावसाळ्यात, त्यातही ऑगस्टच्या सुमाराला धोम भरत आलं की विसर्ग वाढवतात. अशा दिवसांत घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली जातात आणि गणपतीच्या देवळातही पाणी शिरतं. ते दृश्य भव्य असतं, पण तुमचा अर्धा बेत बुडतो. पाऊस पाहायला जायचं असेल तर जूनअखेर किंवा जुलैची सुरुवात बरी. डोंगर हिरवे झालेले असतात आणि घाटावर पाय ठेवायला जागा असते. निघण्याआधी धोमच्या विसर्गाची बातमी मात्र बघा.

एप्रिल-मे मध्ये पाणी कमी, साचलेलं आणि कधीकधी जलपर्णीनं झाकलेलं असतं. वासही येतो. खरं सांगितलेलं बरं, कारण छायाचित्रांत तो येत नाही आणि मग लोक चिडतात. उन्हाळ्यात जायचंच असेल तर मे महिन्यात लोकमान्य टिळक स्मारक संस्थेची वसंत व्याख्यानमाला असते. दिवसभर घरात बसून संध्याकाळी एखादं व्याख्यान ऐकायचं, असा बेत आखणारे लोक वाईला नवे नाहीत.

सर्वांत चांगला काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सकाळी नदीवर धुकं असतं, पाणी वाहतं असतं आणि पायऱ्या कोरड्या असतात. त्यातही निवड करायची असेल तर माघ महिना धरा. त्याचं कारण कृष्णाबाई.

कृष्णाबाईचा उत्सव

वाईकर नदीला ‘कृष्णा’ असं नुसतं म्हणत नाहीत. ती कृष्णाबाई किंवा कृष्णामाई. आणि बाई म्हटलं की तिला साडीचोळी आली, ओटी आली, पालखी आली, तिच्या नावाचं जेवण आलं. माघापासून पुढे काही आठवडे घाटाघाटावर तिचा उत्सव चालतो. गावात सात घाट धरतात: गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी आणि भीमकुंड आळी. प्रत्येक आळीचा उत्सव वेगळा. एकीचा उरकला की दुसरीचा मांडव उभा राहतो. त्यामुळे माघ-फाल्गुनात कुठल्याही आठवड्यात गेलात तरी कुठल्यातरी घाटावर कीर्तन, भजन किंवा पंगत सापडण्याची शक्यता बरीच.

उत्सवाची सुरुवात शिवकाळातली सांगतात. अफजलखान वाईचा सुभेदार होता आणि १६५९ मध्ये प्रतापगडाकडे जाण्याआधी त्याचा तळ इथेच होता. हे संकट टळलं तर तुझा उत्सव करू, असा नवस तेव्हा कृष्णेला बोलला गेला, अशी कथा आहे. खान त्याच वर्षी १० नोव्हेंबरला मारला गेला. गाव नवस फेडतंच आहे.

बाहेरच्या माणसानं तिथे कसं वागावं, तर साधं. चप्पल मांडवाबाहेर ठेवा, देवीसमोर फोटो काढण्याआधी विचारा, आणि कुणी ‘प्रसाद घेऊन जा’ म्हणालं तर घाई सांगू नका. तारखा पंचांगावर ठरतात, म्हणून मुक्कामाची जागा ठरवतानाच तिथे फोनवर विचारून घ्या की त्या आठवड्यात कुठल्या घाटाचा उत्सव आहे.

बारा वर्षांतून एकदा, गुरू कन्या राशीत येतो तेव्हा, कन्यागताचं पर्व असतं. तेव्हा वाईत मुंगीला जागा नसते. मागचं २०१६ मध्ये झालं.

पोचायचं कसं

पुण्याहून अंतर साधारण नव्वद किलोमीटर. साताऱ्याच्या दिशेनं निघायचं, खंबाटकी घाट ओलांडायचा आणि सुरूर फाट्याला महामार्ग सोडून उजवीकडे वळायचं. साताऱ्याकडून येत असाल तर पाचवड फाट्यावरून आत या. अंतर पस्तीस किलोमीटरच्या आसपास.

एसटीनं जाणं अगदी सोपं आहे. स्वारगेटहून महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्या वाईवरूनच जातात, तेव्हा थेट वाईच्या गाडीची वाट पाहत बसू नका. बायकांना आणि ६५ वर्षांपुढच्यांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट. आजीला घेऊन जात असाल तर तिचं आधार कार्ड तिच्याच पिशवीत असू द्या, तुमच्या मोबाइलमध्ये नको.

रेल्वेचा विचार सोडा. वाठार आणि सातारा ही जवळची स्टेशनं, पण तिथून पुन्हा गाडी बघावीच लागते.

शक्य असेल तर मंगळवार-बुधवार धरा. शनिवारी सकाळी आणि रविवारी संध्याकाळी पुणे-मुंबईच्या गाड्यांनी पसरणीचा घाट भरतो आणि ती रांग वाईच्या रस्त्यांपर्यंत येते. मंगळवारीही गणपतीला गर्दी असते, पण ती गावची असते आणि पायी येते. अंगारकी आली तर गोष्ट वेगळी.

मुक्कामाला गावातच, घाटापासून चालत जाता येईल अशी जागा घ्या. पाचगणीच्या रस्त्यावर आणि धोमच्या बाजूला झाडीत लपलेली महागडी ठिकाणं आहेत. ती विश्रांतीला चांगली, पण तिथे राहिलात तर पहाटे सहाला घाटावर जायचा उत्साह गाडीची किल्ली शोधण्यातच संपतो.

पहिला दिवस: दुपारी पोचा, चार वाजता बाहेर पडा

जेवून पोचा किंवा पोचून जेवा, पण दुपारी बारा ते साडेतीन या वेळात घाटावर जाऊ नका. काळा दगड इतका तापतो की देवळाच्या आवारात अनवाणी पाय टेकवत नाहीत.

चार-सव्वाचारला गणपती आळीत या. देऊळ आधी बाहेरून बघायचं आहे. दर्शनाची घाई असेल तर आधी ती उरका, पण मग परत मागे या. हे देऊळ नदीच्या इतकं पुढ्यात बांधलंय की पुराचा मार ठरलेलाच. बांधणाऱ्यांना ते ठाऊक होतं. म्हणून देवळाची मागची भिंत, म्हणजे पाण्याचा लोंढा जिच्यावर येतो ती, सरळ न ठेवता माशासारखी निमुळती केली आहे. लोंढा तिच्यावर आपटत नाही, दोन्ही अंगांनी फाटून निघून जातो. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये हे देऊळ बांधलं. तेव्हापासून किती पूर गेले असतील याचा हिशोब मनातल्या मनात करा आणि त्या भिंतीला हात लावून बघा. वाईत मला सगळ्यांत आवडणारी वस्तू हीच आहे, आणि दहातले नऊ लोक तिच्याकडे पाठ करून सेल्फी काढत असतात.

आत महागणपती. एकाच दगडातली मूर्ती, उंची सहा फुटांच्या आसपास आणि रुंदी त्याहून जास्त. गुडघे दोन्हीकडे फाकवून बसलेला हा देव इतका ऐसपैस आहे की ‘ढोल्या’ हे नाव त्याला लाडानं पडलं असणार. त्यात अनादर अजिबात नाही. गाभाऱ्यात मान वर करून छताकडेही बघा. दगडात दगड अडकवून पेललेलं ते छत आहे.

बाजूलाच काशीविश्वेश्वराचं देऊळ. ते याच्याही आधीचं, १७५७ चं, आनंदराव भिकाजी रास्त्यांनी बांधलेलं. आवारात दीपमाळा आहेत आणि गुळगुळीत काळ्या दगडाचा एक देखणा नंदी. त्याच्या गळ्यातल्या घुंगुरमाळांचं, झुलीचं कोरीवकाम उतरत्या उन्हात फार सुंदर दिसतं. चार वाजताची वेळ म्हणूनच सांगितली.

रास्ते, रास्ते असं सारखं कानावर येईल, तर एवढं लक्षात ठेवा: नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या रास्त्यांच्या लेक. पेशव्यांची सोयरीक झाली, घराणं मोठं झालं, आणि त्या वैभवाचा बराच भाग वाईच्या दगडात उतरला. अठराव्या शतकात इथे देवळं आणि घाट भराभर उभे राहिले. ‘दक्षिण काशी’ हे बिरुद अनेक गावं मिरवतात. वाईचा दावा निदान घाटावर उभं राहिल्यावर पटतो.

सूर्य मावळताना काहीही करू नका. पायरीवर बसा. कुणीतरी कपडे वाळत घातलेले उचलत असतं, पोरं पाण्यात उड्या मारत असतात, एखादी बाई दिवा सोडून जाते. हे सगळं बघायला पैसे लागत नाहीत, म्हणूनच बहुधा कुठल्या यादीत ते नसतं. काळोख पडला की बाजारातून फेरफटका मारून जेवायला जा. थाळी मागवताना गव्हाच्या चपातीऐवजी ज्वारीची भाकरी आहे का विचारा. पिठलं, ठेचा, भरलं वांगं असं साधं जेवण इथे बरं मिळतं. पंजाबी भाज्यांचं लांबलचक कार्ड देणाऱ्या ठिकाणी तुमची निराशा ठरलेली.

दुसरा दिवस, सकाळी सहा: घाटांवरून पायी

थंडीत जात असाल तर स्वेटर घ्या. नदीवरचं धुकं उन्हं वर येईपर्यंत टिकतं आणि गार वाराही असतो. पायात रबरी तळव्याचे बूट किंवा फ्लोटर असावेत. पाण्यालगतच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि ते काळ्या दगडावर दिसत नाही. मी एकदा सरळ बसल्या जागी तीन पायऱ्या उतरलो आहे. पाण्यालगत एक पायरी कोरडी सोडूनच चाला.

वाट अशी ठरवा की गणपती आळीतून निघायचं, आधी प्रवाहाच्या वरच्या बाजूला जाऊन परत यायचं आणि मग खालच्या बाजूला. सगळे घाट सलग जोडलेले नाहीत. मध्येच वाट बंद होते आणि आळीत शिरून पुन्हा नदीवर यावं लागतं. ते चुकणंच गमतीचं आहे. आळ्यांमधून जुन्या वाड्यांचे दिंडी दरवाजे, पडक्या भिंतीतून उगवलेले पिंपळ, आणि त्यांच्या शेजारी नव्या इमारती असं सगळं मिसळलेलं दिसतं. वाडे राहते आहेत. दार उघडं दिसलं म्हणून आत मोबाइल खुपसू नका. ‘काकू, चौक बघू का?’ एवढं विचारलं तर बहुतेक वेळा आत बोलावतात आणि कुठून आलात, कुणाकडचे, ही चौकशीही होते.

पोहायचं का? पोहता येत असलं तरी अनोळखी डोहात नको. वाईची पोरं उड्या मारतात कारण कुठे खडक आहे आणि कुठे खोल आहे हे त्यांना ठाऊक असतं. पाय बुडवून बसा, तेवढं पुरे. आणि पावसाळ्यात भोंगा वाजला किंवा पाणी गढूळ होऊन चढू लागलं तर ‘अजून पाच मिनिटं’ करू नका. वर धरण आहे हे विसरायचं नाही.

गंगापुरीकडे गेलात तर तिथे थोडं थांबा. या गावात संस्कृत आणि मराठीचं जे काम झालं ते त्याच्या आकाराच्या मानानं थक्क करणारं आहे. नारायणशास्त्री मराठे, पुढे संन्यास घेऊन झालेले केवलानंद सरस्वती, यांची प्राज्ञपाठशाळा इथली. गांधींच्या आश्रमातून रजा घेऊन तरुण विनोबा वेदान्त शिकायला त्यांच्याकडे आले होते. त्यांचेच शिष्य तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. मराठी विश्वकोशाचे ते पहिले प्रमुख संपादक, आणि ते वाईत राहत म्हणून विश्वकोशाचं कार्यालय मुंबई-पुण्यात न थाटता इथे आलं. पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. पुढे वीस खंड झाले. अकारविल्हे लावलेलं जगभरचं ज्ञान या घाटाजवळच्या टेबलांवर तपासलं गेलं, हे मला अजूनही अद्भुत वाटतं. हे पर्यटनस्थळ नाही, सरकारी कार्यालय आहे. कामाच्या दिवशी, कार्यालयाच्या वेळेत गेलात आणि खरंच रस असेल तर विचारून बघायला हरकत नाही. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी आदल्या रात्री विश्वकोशातली ‘कृष्णा’ नदीची नोंद मोबाइलवर वाचून दाखवावी. तो आता फुकट वाचता येतो.

साडेआठला नाश्ता. मिसळ, पोहे, वडा, जे गरम असेल ते. एसटी स्टँडाच्या आसपास सकाळी ताजं मिळतं.

नऊ वाजता मेणवली

वाईपासून तीन किलोमीटर. रिक्षा मिळते, पण थंडीत चालत जा. चाळीस-पन्नास मिनिटं लागतात आणि दोन्ही बाजूंना ऊस असतो. फेब्रुवारीच्या सुमाराला या भागात हळद काढून शिजवायला घेतात. कढया लागलेल्या असतील तर तो वास आधी येतो आणि मग शेत दिसतं. वाईची हळद जुन्या काळापासून नावाजलेली. शेतकऱ्याशी बोलायला थांबलात तर मेणवलीला पोचायला अकरा वाजतील, तेही चालेल.

मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा आहे. वाडा खासगी मालकीचा, सहा चौकांचा. आत जाता येतं तेव्हा भिंतींवरची जुनी चित्रं, लाकडी खांब, कडीपाट सगळं पाहता येतं. पण कधी डागडुजी, कधी चित्रीकरण, कधी आणखी काही, असं होऊन दार बंदही असतं. त्यामुळे सगळा बेत वाड्यावर टांगू नका. उघडा असला तर नशीब समजा आणि चित्रांवर फ्लॅश मारू नका. पेशवाईच्या अभ्यासकांना मेणवलीचं नाव वेगळ्याच कारणानं ठाऊक असतं. नानांच्या संग्रही असलेली कागदपत्रं ‘मेणवली दप्तर’ म्हणून प्रसिद्ध आहेत.

वाड्याच्या मागून पायऱ्या थेट घाटावर उतरतात. हा घाट चंद्रकोरीसारखा वळलेला, आणि वाईच्या घाटांपेक्षा शांत. हिंदी सिनेमावाल्यांनी तो इतक्यांदा वापरलाय की पहिल्यांदा येणाऱ्यालाही आपण इथे आधी आलोय असं वाटतं. घाटावर विष्णूचं आणि मेणेश्वराचं देऊळ आहे. पण शोधायची ती घंटा.

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठ्यांनी आणल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांत बांधल्या. भीमाशंकरला एक आहे, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात एक आहे, आणि एक इथे, मेणवलीच्या घाटावर. जवळ जाऊन नीट बघा. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि १७०७ हा आकडा आहे. औरंगजेब ज्या वर्षी मेला त्या वर्षाची ही घंटा. येशूच्या आईचं चित्र असलेली घंटा विष्णू-महादेवाच्या शेजारी दोनशेहून अधिक वर्षं टांगलेली आहे आणि गावाला त्यात काही वावगं वाटलेलं नाही. दोरी ओढून जोरजोरात वाजवायचा मोह टाळा. घंटा जुनी आहे आणि शेजारी लोक राहतात.

मेणवलीहून परतताना वेळ आणि मराठी काव्याची आवड दोन्ही असतील तर भोगावला वळा. शाळेत ‘सुश्लोक वामनाचा’ ऐकलेलं असतं, त्या वामनपंडितांची समाधी तिथली म्हणून दाखवतात. बघण्यासारखं फार नाही. आवड नसेल तर हे सोडून द्या.

दुपार: धोम

वाईपासून आठ-नऊ किलोमीटर. गाडी नसेल तर वाईतून रिक्षा जाऊन-येऊन ठरवा आणि थांबण्याचा वेळ आधीच बोलून घ्या. तासभर तरी हवा.

लोक धोमला धरणासाठी जातात. साडेतेरा टीएमसीचं ते धरण मोठं आहे, जलाशय देखणा आहे, पलीकडे कमळगडाची रांग दिसते. सगळं खरं. पण मी आधी धोम गावातल्या देवळांकडे जाईन. महादेवाच्या देवळापुढे कमळाच्या आकाराचं दगडी कुंड आहे आणि त्याच्या मधोमध कासवाच्या पाठीवर नंदी बसलाय. कुंडात पाणी भरलेलं असलं की कासव तरंगतंय आणि नंदीला घेऊन पोहत चाललंय असा भास होतो. म्हणून धोमला पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत जाणं चांगलं. कुंड कोरडं असेल तर गंमत निम्मी होते. शेजारी नरसिंहाचं देऊळ. गावाचं नाव धौम्य ऋषींवरून आलं असं सांगतात.

जलाशयाच्या काठावर नौकाविहार असतो तेव्हा जीवरक्षक जॅकेट मिळतं का ते बघूनच बसा. नसेल तर परत फिरा.

गड चढणाऱ्यांसाठी

एक रात्र वाढवली तर पांडवगड करता येतो. मेणवलीच्या बाजूनं वाट आहे, चढायला दोनेक तास धरा, पाणी सोबत न्या. वर पांडजाईचं देऊळ आहे. कमळगड लांब आहे आणि त्याला पूर्ण दिवस लागतो. तिथली खोल गेरूची विहीर पाहायला दगडातल्या अरुंद पायऱ्या उतराव्या लागतात. वर तापलेलं ऊन आणि खाली भिंतींचा ओलसर तांबडा गारवा! चढायचा कंटाळा असेल तर वाईच्या उत्तरेला लोहाऱ्याजवळची पालपेश्वर लेणी करा. मूळची बौद्ध लेणी, पुढे स्तूपाचं शिवलिंग झालं.

आणि ज्यांना चढायचंही नाही आणि फक्त वरून बघायचंय, त्यांनी पसरणी घाटानं पाचगणीच्या सिडनी पॉइंटवर जावं. बारा-तेरा किलोमीटर. तिथून वाई, धोमचं पाणी आणि मधून जाणारी कृष्णा एका नजरेत येते. दोन दिवस जे पायांखालून गेलं त्याचा नकाशा समोर पसरलेला दिसतो. घाट चढण्याआधी लागतं ते पसरणी गाव शाहीर साबळे यांचं.

दोन दिवस टाळायचे किंवा मुद्दाम गाठायचे

पौष पौर्णिमेला मांढरदेवच्या काळूबाईची यात्रा असते. वाईतून तिकडे जाणारे रस्ते आणि वाईतली मुक्कामाची ठिकाणं दोन्ही भरतात. शांत घाट बघायचा असेल तर त्या दोन-तीन दिवसांत येऊ नका.

रंगपंचमीला वाईजवळच्या बावधनचं बगाड. भैरवनाथाची ही यात्रा. कृष्णेकाठच्या सोनेश्वरापासून बैलांच्या जोड्या बदलत बदलत तो प्रचंड लाकडी गाडा शेतांमधून गावात ओढत आणतात, आणि उंच शिडाला नवसाचा बगाड्या टांगलेला असतो. ‘काशीनाथाचं चांगभलं’चा गजर दिवसभर. बघायचं असेल तर सकाळी लवकर जा, गाडी लांब लावा आणि बैलांच्या वाटेत उभे राहू नका. ते थांबत नाहीत, थांबवताही येत नाहीत. लहान मुलांना खांद्यावर घेऊन पुढे घुसणारे बाबा दरवर्षी दिसतात. कृपा करून त्यांच्यात सामील होऊ नका.

परतीचं

रविवारी संध्याकाळी एसटीनं पुण्याला परतणार असाल तर महाबळेश्वरहून येणाऱ्या गाडीवर विसंबू नका. ती वरूनच खच्चून भरून येते. एका रविवारी मी अशा चार गाड्या डोळ्यांदेखत सोडल्या आणि पाचव्या गाडीत सुरूरपर्यंत एका पायावर उभा होतो. वाईहूनच सुटणारी गाडी विचारून घ्या, अर्धा तास आधी स्टँडवर या आणि खिडकीतून रुमाल टाका.

न्यायला काय घ्यायचं? हळकुंडं. पूड कुठेही मिळते. अख्खी हळकुंडं घेऊन घरी दळली तर रंग आणि वास दोन्ही कळतात. विकणाऱ्याला एक मोडून दाखवायला सांगा. आतून गडद केशरी असेल तर घ्या, फिकट पिवळं असेल तर पुढच्या दुकानात जा. डिसेंबर ते मार्चमध्ये पाचगणीकडून उतरलेल्या स्ट्रॉबेऱ्या रस्त्याकडेला मिळतात, पण त्या निघायच्या अगदी शेवटी घ्या आणि मांडीवर ठेवा. पिशवीत तळाला ठेवल्या तर खंबाटकी येईपर्यंत जाम झालेला असतो.